सुकलालनानांनी पाठवलेली देशाची एन्ट्री

सुकलालनाना कुणाशीही बोलता बोलता एकदम हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. सूर गेला."

समोरचा माणूस गात असायलाच हवा असं नव्हतं. तो रेडिओचा खटका बसत नाही म्हणून तक्रार करत असायचा, किंवा बसस्टँडवर केळीची भजी विकत असायचा. एकदा माझं आणि बायकोचं कडाक्याचं वाजलं होतं, तेव्हा नाना दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमचा सूर पक्का शे. सरांचा मात्र खाली उतरी गया." भांडण तिथंच संपलं. बायकोला हसू आलं म्हणून संपलं, मी हरलो म्हणून नव्हे, हे नमूद करतो.

यावलच्या बसस्टँड रस्त्यावर नानांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. नाना मूळचे धुळ्याकडचे, शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातले. तीस वर्षं यावलला काढूनही त्यांच्या बोलण्यातला 'आहे'च्या जागी येणारा अहिराणी 'शे' काही सुटला नव्हता. लग्न केलं नव्हतं. दुकानाच्या मागच्या बाजूला एक खाट, एक स्टोव्ह आणि उघडून ठेवलेले पंधरा-वीस रेडिओ, एवढा त्यांचा संसार.

तेव्हा घरोघरी टीव्ही यायला लागले होते, पण नाना शॉर्टवेव्हवर अडून होते. संध्याकाळी दुकान आवरताना ते परदेशी केंद्रं लावायचे. इंग्रजी जेमतेम कळायचं. तरी ऐकायचे आणि कुठल्याशा देशाची निवेदिका बोलायला लागली की समाधानानं मान डोलवायचे. "ही बाई बरोबर सुरात बोलस."

एके दिवशी त्यांनी मला जिन्यावरून हाक मारली. "सर, उतरा लवकर! हे काय सांगतस ते ऐका."

युरोपातलं एक केंद्र लहान मुलांच्या आंतरराष्ट्रीय गायन स्पर्धेची माहिती देत होतं. कोणकोणत्या देशांच्या एन्ट्री आल्या याची यादी चालली होती. मी एकेक नाव सांगत गेलो. यादी संपली.

"आपला देश कोठे शे?" नानांनी विचारलं.

"नाही आपला."

नानांचा चेहरा पडला. "बठ्ठा देश येतस आणि आपलाच नही? एवढी पोरं शेतस आपल्याकडे, सर. एकाला तरी गाता येत व्हई का नही?"

देश विसरला असेल तर त्याची आठवण यावलनं ठेवायची, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. दोन महिन्यांनी जाड लिफाफ्यातून पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचे नियम आणि फॉर्म आला. बारा वर्षांखालचं मूल, आपल्या भाषेतलं गाणं, तीन मिनिटं, कॅसेटवर. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक नियम होता. एन्ट्री देशाच्या अधिकृत संस्थेमार्फतच यावी. मी तो वाचला आणि नानांना सांगितला नाही. तिकडून उत्तरच येणार नाही, मग उगाच का त्यांचा हिरमोड करायचा, असं मी मनाला समजावलं. संस्थेच्या रकान्यात नानांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सुकलाल रेडिओ रिपेअरिंग, यावल.'

मग पोरांच्या चाचण्या सुरू झाल्या. कापडाच्या दुकानाच्या मारवाडी शेठजींनी नातवाला पेटीसकट पाठवलं आणि स्वतःही आले. नातवानं पहिली ओळ म्हटली, नानांचा हात वर गेला. "थांब बेटा. सूर गेला." शेठजींनी त्यानंतर रेडिओ दुरुस्तीला भुसावळला पाठवायला सुरुवात केली. नानांना त्याचं काही वाटलं नाही. "खोटं कसं सांगू, सर? देशाचं काम शे."

मथी सापडली ती अशीच. यावलबाहेरच्या एका केळीच्या बागेत तिचा बाप राखणदार होता, आई यमुनाबाई तिथंच मजुरीला. मंडळी पिंपळनेरकडची. मालकाचा रेडिओ न्यायला दहा वर्षांची मथी दुकानात आली. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, गोट्या. रेडिओ व्हायला वेळ होता. गोट्या किरकिरायला लागला, तशी ती त्याला थोपटत आजीकडून ऐकलेलं एक अहिराणी गाणं गुणगुणायला लागली. मी पायरीवर पेपर वाचत होतो. गाणं संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की नानांचा हात वर गेलाच नव्हता. गरम सोल्डरिंग आयर्न हातात धरून ते नुसतेच बसले होते.

रेकॉर्डिंगला आम्हाला तीन रविवार लागले. दुकानात एसटीचे हॉर्न आणि शेजारची पिठाची गिरणी. बागेत गेलो तर वाऱ्यानं केळीची पानं फडफडायची. शेवटी माझ्या शाळेची प्रयोगशाळा मिळाली. खिडक्यांना गोधड्या लावल्या. भर दुपारचं ऊन, आत सगळे घामाघूम. मथी उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिचा सूर हलला. पुन्हा घेतलं, पुन्हा हलला.

"गोट्याले तिना कडेवर द्या," यमुनाबाई म्हणाल्या. "वजन नही ना, म्हणून व्हई ऱ्हायनं तसं."

गोट्या कडेवर आला आणि मथी बिनचूक गायली. शेवटच्या ओळीवर मात्र गोट्या खदखदून हसला. मी म्हटलं, "पुन्हा घेऊ."

"राहू द्या," नाना म्हणाले. "देशाची एन्ट्री शे. देशात पोरं हसतस."

कॅसेट रवाना झाली आणि गावभर झालं की राखणदाराची पोर परदेशी चालली. नगरपालिकेतल्या एका सदस्यानं सत्काराची चौकशी केली. यमुनाबाईंनी मला गाठून विचारलं, "सर, तठे थंडी रास का? पोरीले स्वेटर लागी का?" मला त्यांच्याकडे बघवेना.

उत्तर आलं. नियमाप्रमाणे ही एन्ट्री स्पर्धेत घेता येत नव्हती. दुकानात उभ्याउभ्या मी पत्राचा तेवढा भाग नानांना सांगितला आणि मग म्हणालो, "नाना, हा नियम मी आधीच वाचला होता. तुम्हाला सांगितला नाही."

नाना स्क्रू गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, "मीबी वाचेल व्हता, सर. डिक्शनरी लायीसन. दोन दिवस लागले."

"मग पाठवली कशाला?"

"तिचं गाणं ऐकायला कोणी तीन मिनिटं गप बसेल व्हतं का आजवर? तठे बसतीन, असं वाटलं." गोळा केलेले स्क्रू डबीत टाकत म्हणाले, "पण पोरीले आधी सांगाले पाहिजे व्हतं. ते चुकनं."

आम्ही सायकली काढल्या आणि बागेवर गेलो. मथी पाण्याच्या हौदाशी भांडी घासत होती. नाना तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाई, तुना नंबर नही लागना. गाणं चांगलं व्हतं. चूक मनी शे, तुनी नही. माले नियम माहीत व्हता."

मथीचे डोळे भरले. राखेचा हात तिनं तसाच गालाला लावला. मग विचारलं, "त्यासनी ऐकं का पण?"

"ऐकं ना. बठ्ठासनी ऐकं," नाना म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मी खिशातून पत्र काढून पुढचा भाग सांगितला. हापिसातल्या सगळ्यांनी काम थांबवून ती कॅसेट दोनदा ऐकली होती. शेवटी कोण हसतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"गोट्याचं नाव इचारतस?" मथी रडता रडता हसली आणि झाडाखाली झोपलेल्या गोट्याला हलवून उठवायलाच धावली. यमुनाबाई नानांशी त्या दिवशी बोलल्या नाहीत. आठवड्यानं केळ्यांची एक फणी दुकानात ठेवून गेल्या, तेही न बोलता.

बागेवरून परतलो त्याच संध्याकाळी नाना उत्तर लिहायला माझ्याकडे वर आले. मी गोट्याचं नाव लिहिलं, आभार मानले. मग मूळ पत्र पुन्हा चाळताना शेवटचं एक वाक्य राहून गेल्याचं दिसलं. ते मी वाचून दाखवलं. "अशा मुलीचे वडील असल्याचा तुम्हाला नक्कीच अभिमान वाटत असेल."

नानांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा मी इंग्रजीबरोबर मराठीही सावकाश सांगितलं.

"त्यांचा गैरसमज झालाय," मी पेन उचलत म्हणालो. "तुम्ही वडील नाही, एवढं कळवतो."

नानांनी हलकेच पेनावर हात ठेवला.

"तेवढं राहू द्या ना, सर," ते म्हणाले. "आठे कोण येस बघाले?"