उभ्या जेवणातली पत्रावळ

लग्नातल्या उभ्या जेवणात वामनभाऊ थैलीतून स्वतःची पत्रावळ काढतात. पळसाची, काड्यांनी टाचलेली. ती मांडी घालून जेवणाऱ्यांसाठी असते; हातात धरली की मधोमध वाकते आणि वरण कोपरापर्यंत येतं. म्हणून कुणीतरी ती दोन्ही हातांनी धरावी आणि भाऊंनी जेवावं, असं ठरलेलं आहे. धरणारा बहुधा मी असतो.

भाऊ ब्रह्मपुरीतल्या आमच्या शाळेचे निवृत्त शिपाई आणि माझे शेजारी. मी शाळेत पर्यावरण शिकवतो. कुठलीही वस्तू दिसली की भाऊंचा एकच प्रश्न, "हे माती होते काय, सर?" रेनकोट, पेन, माझ्या मुलीच्या चपला, सगळे नापास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी मी कौतुकाने लॅमिनेट करून भिंतीवर लावली होती. भाऊ बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"कागद होता तोवर झाली असती. आता नाई होत."

शिवाय दर रविवारी पत्रावळींचा एक गठ्ठा. आम्ही घरात तीन माणसं. स्टीलचं ताट धुऊन जन्मभर वापरता येतं, हे मी त्यांना रीतसर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गठ्ठा ठेवून गेले. कपाट भरलं, मग माळा भरला. मी खरंच थकलो. गेल्या रविवारी नवा गठ्ठा काखेत मारून परत द्यायलाच निघालो.

ओसरीत भाऊंच्या पत्नी, सिंधूबाई, पानं टाचत होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, हे मला ठाऊक होतं. पत्रावळी त्याच करतात, हे ठाऊक नव्हतं. भाऊ शेजारी काड्या सोलत होते. मी हाक मारली तशी बाईंनी मान वर केली.

"सर होय? मागच्या पत्रावळी लहान झाल्या म्हने तुमच्या घरी. हे सांगत होते. पाहुणे उपाशी राह्यले काय?"

मी भाऊंकडे पाहिलं. ते सोललेलीच काडी पुन्हा सोलत होते.

"थोड्या लहान होत्या, बाई," मी म्हणालो. "मोठ्या लागतील."

"मंग सांगाचं ना आधी. लोकाचं काम अडलं नाई पाहिजे." त्यांचे हात झपाझप चालू लागले.

भाऊ उठले. वाळलेलं पान जरा हललं तरी वाजतं. त्यांनी माझ्या काखेतला गठ्ठा अगदी हळू काढून घेतला आणि दाराआड नेऊन ठेवला. तोवर मी बाईंशी मोठ्याने बोलत राहिलो.