हवालदारांची आठवी घोडी

दौलू हवालदार भर बाजारात पालथे पडायचे. उंब्रजच्या बाजारात, मिरचीच्या ढिगाशेजारी, पोटावर, पाय फाकवून, रायफल पुढं धरून. बायका पदर सावरत लांबून जायच्या. "भिऊ नगा, मोकळी हाय," असं पडल्या पडल्याच सांगून ते नळीखाली लावलेले दोन पाय हलवून बघायचे. मग उठायचे, धोतर झटकायचे आणि एकच शब्द बोलायचे, "रिजेक!"

नळीखाली दोन पायांची घोडी लावली, की पडून नेम धरताना बंदूक हलत नाही. एवढीच ती वस्तू. पण लढाई संपून पेन्शनीत आल्यापासून हवालदारांना तिच्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. उसात रानडुकरं शिरत होती. हवालदारांकडे परवान्याची रायफल होती. आता हा माणूस डुकरं मारणार म्हणून गाव वाट बघत होतं, आणि माणूस घोडी निवडत बसला होता.

मला ते बघवत नव्हतं. खरं सांगतो, जळत होतो मी. हवालदार येईपर्यंत गावात बंदूक एकच होती, माझी, ठासणीची. डुक्कर दिसलं की लोक माझ्या दारात यायचे. मी मेव्हण्याला, शिरपतीला, पुढं बसवायचो, त्याच्या उजव्या खांद्यावर नळी टेकायचो आणि बार काढायचो. आमच्याकडे सगळे तसंच करायचे. शिरपतीचा उजवा कान त्यातच बहिरा झाला, पण खांदा कधी हलला नाही. आता तेच लोक हवालदारांच्या ओट्यावर जमू लागले. आणि आमची ही! साखर रेशनवर, मला रोज गुळाचा चहा, पण हवालदार आले की डब्यातली साखर बाहेर निघायची.

"आवं, त्यास्नी काम कसं नेटकं लागतंय," ती म्हणायची. "आठ दिस झालं लोहाराकडं बसल्यात."

बसले होते खरे. पहिली घोडी बाभळीची, ती उन्हानं पिळवटली. दुसरीचे पाय काळ्या रानात रुतले. तिसरी मिटताना खडखडली. त्यांची परीक्षा ठरलेली होती. घोडीवर रायफल ठेवायची, दस्त्यावर काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायचं आणि शेजारी पाय आपटायचा. थेंब सांडला की रिजेक. "तोंड काय बगताय? पाय बगा, पाय!" हे त्यांचं पालुपद. माझ्या पुतणीसाठी मुलगा बघायला हवालदारांना घेऊन गेलो, तर तिथंही यांनी मुलाला एका पायावर उभं केलं. मुलगा डगमगला. माझ्या भावानं खरंच नकार कळवला. ते स्थळ मी आणलं होतं.

एकदा तर घरी येऊन त्यांनी माझ्या बंदुकीच्या नळीला दोरा गुंडाळून माप घेतलं. मग शिरपतीजवळ जाऊन त्याला काहीतरी विचारलं आणि मान हलवत म्हणाले, "रिजेक!" माझ्या वडलांची बंदूक! मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

मग हाक्याचा दिवस आला. सकाळीच पन्नास माणसं डबे बडवत उसात शिरली. हवालदार रायफल घेऊन आले, पण घोडीशिवाय. सातवी आदल्याच दिवशी रिजेक झाली होती. मला तेच हवं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मी ओरडलो, "शिरपती, बस हवालदारांच्या म्होरं! दे खांदा!"

शिरपती बसला. हवालदारांनी त्याच्या खांद्यावर नळी टेकली. तेवढ्यात डुक्कर उसाबाहेर आलं. "मारा, हवालदार!" लोक ओरडले. हवालदारांनी रायफल उचलली, बांधावर आडवी ठेवली आणि खालीच बसले. मी घाईनं शिरपतीला माझ्या पुढं घेतलं आणि बार काढला. डुक्कर पडलं. लोक मला उचलायला धावले आणि हवालदारांना हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

संध्याकाळी हवालदार दारात उभे. हातात फडक्यात गुंडाळलेली घोडी, बैलगाडीच्या जुन्या धावेच्या लोखंडाची, रुंद टाचांची.

"आठवी. पास झाली," ते म्हणाले. "तुमच्या बंदुकीच्या मापाची हाय, अण्णा. माप कवाच घेतलं हुतं."

"आन् तुमची?"

"हुईल कवातरी." ते उंबऱ्यावर टेकले. माझ्याकडे न बघता बोलू लागले, "लढाईत आमच्या मशीनगनच्या घोडीचा एक पाय चिरला हुता. मी आदल्या दिशी बगितला हुता. म्हनलं, चालंल. दुसऱ्या दिशी ऐन टायमाला मोडला. शेजारी पाटनचा इठू. म्हनला, दौलू, ठेव माज्या खांद्यावर. आडोशाच्या वर उठावं लागलं त्याला. लय येळ न्हाई लागला, अण्णा."

आमच्या हिनं त्यांना साखरेचा चहा आणून दिला. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. सकाळच्या माझ्या हसण्याचं मात्र मला फार वाटत होतं.

मी घोडीवर बंदूक ठेवली. दस्त्यावर काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवलं. हवालदारांनी पाय आपटला. थेंबही सांडला नाही.

शिरपती अंगणातच बैलांना वैरण टाकत होता. मी ओरडून सांगितलं, "शिरपती, आता तुला बसायला नगो रं!"

त्याचा उजवा कान माझ्याकडे होता. तो वैरण टाकत राहिला.

हवालदार उठले, बैलांना वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेच त्याला हळू सांगितलं.