ओटिलीबाईंचे अमेरिकन पाहुणे

ओटिलीबाईंच्या बटाट्याच्या वाफ्यात सकाळी किडा सापडला आणि संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसायला खुर्ची उरली नाही.

किडा दिसायला काही फार नव्हता. नखाएवढा, पिवळा, पाठीवर काळे पट्टे. पण १९५० सालचा उन्हाळा होता आणि पूर्व जर्मनीतल्या गावागावांत भिंतींवर त्याचं चित्र लागलं होतं. आपली उपासमार व्हावी म्हणून अमेरिकन विमानं हे किडे आपल्या शेतांवर टाकतात, असं वर्तमानपत्र सांगत होतं, रेडिओ सांगत होता आणि बेकरीच्या रांगेत उभं राहिलं की शेजारीण सांगत होती. ओटिलीबाईंना अमेरिकेशी काही घेणंदेणं नव्हतं. किडा दिसला की कळवायचा असा हुकूम होता, म्हणून त्यांनी कळवला.

त्याआधी त्यांच्या घरी चार माणसं जमली होती ती नवऱ्याला पुरून आल्यावर, कॉफीपुरती. मुलगा सीमा ओलांडून पश्चिमेला, हॅनोव्हरला गेला होता. नाताळात त्याचं कार्ड यायचं. बाकीचे वार कसेही ढकलता येत, रविवार मात्र खायला उठायचा. त्यांच्या थुरिंगिया प्रांतात रविवारी बटाट्याचे गोळे झाले नाहीत तर तो रविवारच नव्हे. पण निम्मे बटाटे किसायचे, पिळून काढायचे, निम्मे उकडून त्यात कालवायचे, गोळे वळायचे, ही उस्तवार एकट्या जिवासाठी कोण करतं? ओटिलीबाई रविवारी पाव खात, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून.

आणि आता त्या खुर्चीवर जिल्ह्याचे अधिकारी कॉम्रेड विंकेलमान बसले होते!

"विमान ऐकलंत का हो बाई?" त्यांनी विचारलं.

ओटिलीबाईंनी काहीच ऐकलं नव्हतं. पण पाहुणा एवढ्या लांबून आलेला, त्याला नाही म्हणायचं जिवावर आलं. "ऐकलं की," त्या म्हणाल्या. "चांगलं मोठं होतं. कॉफी घ्या ना अजून."

"खालून गेलं का?" गावप्रमुख त्सोलर पुढे सरसावले.

"धुराड्याला घासूनच म्हणा. रविवारी याल ना? गोळे करते."

रविवारी किड्यांच्या तपासणीची सगळी समिती आली. वाफा पुन्हा तपासला, शेजारची शेतं पालथी घातली, आणि मग सगळ्यांनी गोळ्यांवर असा ताव मारला की अमेरिकेचा विषयच मागे पडला. जाताना विंकेलमान हात पुसत म्हणाले, "अभिनंदन बाई. एकही किडा नाही. आता आम्हाला यायचं कारण नाही."

दार लागलं. ओटिलीबाई खरकट्या ताटांसमोर बराच वेळ बसून राहिल्या. ताटं धुवायला घेतली तर घर रिकामं झाल्यासारखं वाटेल, म्हणून धुतलीसुद्धा नाहीत.

पुढच्याच आठवड्यात त्यांना कुंपणाकडेच्या पानामागे किड्यांचं एक अख्खं कुटुंब दिसलं. नियमाप्रमाणे ते घासलेटात बुडवायचं होतं. ओटिलीबाईंनी ते मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत घातलं, झाकणाला भोकं पाडली आणि रोज कोवळी पानं द्यायला लागल्या. किडे गुटगुटीत झाले. दर शनिवारी त्यातला एक वाफ्यात जाई, आणि रविवारी समिती जेवायला येई.

सगळं छान चाललं होतं. फक्त विंकेलमान विचार करणारे निघाले.

"अख्ख्या जिल्ह्यात कुठे किडा नाही," एका रविवारी ते काटा खाली ठेवून म्हणाले, "आणि इथे दर शनिवारी! विमान नेमकं याच वाफ्यावर का येतं?"

"गोळ्यांचा वास जात असेल," त्सोलर म्हणाले. कोणी हसलं नाही.

"तुमचं तिकडे पश्चिमेला कोणी असतं का हो?" विंकेलमाननी बाईंना विचारलं.

ओटिलीबाईंनी हातातला काटा खाली ठेवला. "मुलगा आहे. हॅनोव्हरला. पण तो इमारती रंगवतो हो साहेब, त्याला विमान कुठलं मिळायला!"

दुसऱ्या दिवशी घराभोवती लाल दोर बांधला गेला. फाटकावर पाटी लागली: संसर्गग्रस्त क्षेत्र, प्रवेश बंद. किडे थांबेपर्यंत आत कोणी जायचं नाही. पाणी आणि पाव दोराबाहेर ठेवला जाईल.

ओटिलीबाई आत गेल्या आणि बरणीतले सगळेच्या सगळे किडे त्यांनी घासलेटात ओतले. "माणसं आणा म्हटलं होतं मेल्यांनो," त्या रडत म्हणाल्या, "तुम्ही तर दारच बंद केलंत!"

पहाऱ्याला ब्रूनो हेर्टविग आला. तो रेल्वेचा फाटकवाला होता, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला. युद्धानंतर रशियनांनी भरपाई म्हणून रूळच उपटून नेले. फाटक आणि ब्रूनो तेवढे मागे राहिले. तेव्हापासून त्याच्याकडे अडवायला काही नव्हतं. दोर बघून त्याला बरं वाटलं.

"दोराच्या पलीकडे राहायचं हं बाई," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"माझं घर आहे ते!"

"म्हणूनच सांगतो, आतच राहा."

रविवारी ओटिलीबाईंनी स्वयंपाकघरातलं टेबल ओढत ओढत अंगणात आणलं आणि दोराखालून अर्धं बाहेर सरकवलं, पाठोपाठ एक खुर्चीही.

"हे नियमात बसतं का?" ब्रूनोने विचारलं.

"माणूस आत येत नाहीये. टेबल बाहेर जातंय. टेबलाला कुठे संसर्ग होतो?"

ब्रूनोने क्षणभर विचार केला आणि खुर्ची ओढली. सहा गोळे खाल्ले. सातव्याला म्हणाला, "रूळ गेल्यापासून असं जेवलो नव्हतो." मग दोघं दोन बाजूंनी काहीही बोलत बसली, बायकोचं, नवऱ्याचं, हॅनोव्हरचं, गाड्यांचं. ओटिलीबाईंना उन्हाळा संपूच नये असं वाटायला लागलं.

आणि किडे मात्र संपले होते.

शनिवारी विंकेलमान दोर सोडायला आले. ओटिलीबाई दारात उभ्या राहून आतल्या रिकाम्या बरणीकडे बघत होत्या. एक तरी ठेवला असता! आता दोर जाणार, दोराबरोबर ब्रूनो जाणार, आणि उद्या पुन्हा पाव.

"मोकळ्या झालात बाई," विंकेलमाननी गाठीला हात घातला.

"थांबा साहेब!" ब्रूनो ओरडला. तो कुंपणाच्या खांबाकडे बोट दाखवत होता. "हा बघा! आत्ता वरून पडला. विमान माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी!"

विंकेलमाननी आकाशाकडे पाहिलं, किड्याकडे पाहिलं, एक शिवी हासडली आणि गाठ आणखी घट्ट करून निघून गेले.

ओटिलीबाई खांबाजवळ आल्या. त्यांनी किडा तळहातावर घेतला आणि जाणत्या नजरेने उलटासुलटा करून पाहिला. पोट पाठीला लागलं होतं, पाय लटपटत होते. ब्रूनोने घाईघाईने काड्यापेटी खिशात कोंबली.

"उपाशी ठेवलंत हो याला," ओटिलीबाई म्हणाल्या. "आता मी सांभाळते. बरणी आहे माझ्याकडे."