यंत्राच्या ओळखीतला फोन

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग गेले तीन आठवडे सुनेच्या यंत्राने अडवला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर घरातली चार माणसं कोपराला कोपर लावून जेवत होती. सासूबाईंनी यावर एक शब्दही काढला नव्हता. फक्त रोज ताट ठेवताना त्या यंत्राकडे बघून "सरक बाई जरा" म्हणत, आणि ते जिला ऐकू जायचं तिला बरोबर ऐकू जाई.

यंत्र दवाखान्यासाठी होतं. बटण दाबलं की नंबराची चिठ्ठी बाहेर येते, वरच्या पाटीवर नंबर उमटतो आणि शेजारच्या छोट्या स्पीकरमधून आवाज येतो, "नंबर एक, आत या." सून ज्या कंपनीत कामाला होती तिथे तिने सात वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांतल्या चुका शोधून दिल्या होत्या. ज्याची चूक सापडे तो रागावे, आणि ज्याची सापडत नसे तो स्वतःची पाठ थोपटून घेई. हे पहिलं यंत्र अख्खं तिचं होतं. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "उद्या डॉक्टरांनी पसंतीची सही केली तर यापुढची दवाखान्यांची सगळी यंत्रं तुमच्याकडे. परत आलं तर ते काम तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्यांकडे, आणि तुम्ही पुन्हा तपासणीला."

यंत्र सगळं करत होतं. फक्त त्याचा प्रोग्राम त्याच्या पोटात मावत नव्हता, म्हणून तो सध्या बाहेरून खोचलेल्या कार्डावरून चालत होता.

या मूळ प्रोग्रामला कर्नल म्हणतात. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. देशोदेशीच्या हजारो लोकांनी मिळून लिहिलेला, आणि ज्याला हवा त्याने खुशाल न्यावा. आता सगळ्यांनी मिळून भरलेलं कपाट कधी आटोपशीर असतं का? जगात जेवढी म्हणून यंत्रं निघाली, त्या सगळ्यांची ओळख त्यात ठासून भरलेली. तेव्हा आपल्याला काय लागतं आणि काय नाही याची यादी घेऊन बसायचं आणि एकेका नोंदीपुढे हो किंवा नाही लावायचं. नोंदी हजारांनी.

"इतकं काय विचारतं गं ते?" सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"कोणाकोणाला ओळखायचं ते विचारतं, आई. ज्याला मी नाही म्हणेन, तो पुढे समोर येऊन उभा राहिला तरी याला ओळखता येणार नाही."

"आणि तुलाच कळलं नाही, हा कोण ते?"

"खाली सल्ला दिलेला असतो. खात्री नसेल तर नाही म्हणा."

"चांगल्या घरात वाढलेलं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. सुनेबद्दल त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

दोन दिवस हो-नाही करून सून अजून निम्म्यावरही आली नव्हती. शेवटी तिने जवळची वाट धरली. एक अशी आज्ञा होती, की सगळ्या वस्तू यंत्राला जोडून ती दिली की कर्नल आपणच बघतो, आत्ता या क्षणाला घरात कोण कोण हजर आहे. हजर असतील तेवढ्यांची ओळख ठेवतो, बाकीच्यांच्या नावापुढे फुली.

"म्हणजे जो त्या वेळी दळण आणायला गेला असेल, तो घरातूनच गेला," सासूबाई म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"मग मोजायच्या आधी सगळे आलेत का ते बघ. तुम्हा लोकांना घाई फार."

सुनेने बघितलं. चिठ्ठी छापणारं, पाटी, बटण, स्पीकर, एकेक पिन दाबून पुन्हा दाबली. यंत्र सुरू केलं. स्पीकर दर अर्ध्या मिनिटाने बोलू लागला, "नंबर एक, आत या." एवढ्यात साहेबांचा फोन आला. साहेबांना उद्याचा सगळा बेत पहिल्यापासून ऐकायचा होता. सून लॅपटॉप काखेत मारून सज्जात गेली आणि तिने मागे दार ओढून घेतलं.

पलीकडच्या खोलीत सासूबाई दुपारच्या जरा आडव्या झाल्या होत्या. बाराव्यांदा "आत या" ऐकल्यावर त्या खरोखरच आत आल्या. टेबलाजवळ कुणी नव्हतं. पाहुण्याला बोलावून यजमान गायब, अशी तऱ्हा. त्यांनी स्पीकरची पिन शोधली आणि उपटली. घर शांत झालं. पिन निघाली तिथे एक खाच रिकामी राहिली, आणि रिकामी जागा सासूबाईंना कधीच बघवत नाही. त्यांचा फोन सकाळपासून मरायला टेकला होता. त्याची वायर त्या खाचेत बसली.

फोनने लगेच विचारलं, नुसतंच चार्ज करू, फोटो देऊ की इंटरनेट देऊ? सासूबाईंचा चष्मा पलीकडच्या खोलीत होता. त्यांनी सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं, प्रश्न गेला, आणि त्या परत जाऊन आडव्या झाल्या.

याच सुमारास सज्जात सून साहेबांना "हो, हो, आत्ताच करते" म्हणाली आणि बोलता बोलता तिने तिथूनच आज्ञा दिली. कर्नलने घरात नजर फिरवली. चिठ्ठी छापणारं आहे, पाटी आहे, बटण आहे, सासूबाईंचा फोन आहे. स्पीकर नावाचं कुणी नाही. बरं तर.

तासाभराने, सून अजून सज्जातच असताना, सासूबाईंनी आपला फोन काढून घेतला आणि स्पीकरची पिन जशी होती तशी लावून ठेवली. दुसऱ्याची वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली होती. एकदा तुटलेला आवाज यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय परत येत नसे, त्यामुळे स्पीकर गप्पच राहिला. शहाणा झाला, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी नवा कर्नल बनून तयार झाला. लॅपटॉप जुना, त्याला दोन तास लागले. पण तो यंत्रात मावला, वर जागाही उरली. सून इतकी खूश झाली की तिने टेबल स्वतः पुसलं. चिठ्ठी बघितली, पाटी बघितली. आवाज तिने शून्यावर ठेवला होता, कारण दुपारच्या बोंबलण्याबद्दल सासूबाई चहाच्या वेळी एक वाक्य बोलल्या होत्या आणि ते वाक्य तिला दोनदा ऐकायचं नव्हतं. लॅपटॉपच्या पडद्यावर "बोलत आहे" असं दिसत होतं. तेवढ्यावर तिने विश्वास ठेवला. मी बोलतो आहे असं जो स्वतःच सांगतो, त्याचं कुणी ऐकलंय का हे आधी विचारावं. पण हे वयाने कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा गुडघा दुखायला लागला. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता, सून यंत्र घेऊन तिथेच निघाली होती, तेव्हा त्याही निघाल्या.

"बघायचंय म्हणून येताय ना, आई?"

"मला काय बघायचंय? गुडघा दाखवायचाय."

दवाखान्यातल्या तीन बाकांवर वीसेक माणसं बसलेली होती. कंपाउंडरचा घसा नंबर ओरडून ओरडून बसला होता आणि तो गेले आठ दिवस सगळ्यांच्या कानात जाऊन बोलत होता. डॉक्टर दारातून डोकावले.

"हे बघा, पाटी माझ्या निम्म्या पेशंटना दिसत नाही, आणि ज्यांना दिसते ते बघत नाहीत. मला आवाज हवाय. बारापर्यंत चालवून दाखवा. नाही बोललं, तर जाताना घेऊन जा."

सुनेने यंत्र लावलं. एका आजोबांनी बटण दाबलं. चिठ्ठी आली. पाटीवर एक उमटला. मग सगळे यंत्राकडे बघत राहिले आणि यंत्र सगळ्यांकडे.

"हे माझ्यापेक्षा हळू बोलतंय," कंपाउंडर सुनेच्या कानात म्हणाला.

तिने आवाज वाढवला. पिन काढून लावली. पुन्हा लावली. मग लॅपटॉप जोडून यादी उघडली, आणि तिचा चेहरा उतरला.

"स्पीकर ओळखतच नाहीये हे. पण मी तर जोडला होता." ती यादी खाली सरकवत गेली. "आणि हे काय? फोनवरून येणाऱ्या इंटरनेटला हो लागलंय. मी कुठे फोन लावला होता?"

भिंतीवर गुडघ्याच्या आतल्या हाडांचं चित्र होतं. सासूबाई ते फार बारकाईने बघू लागल्या.

"आई."

"हाडं केवढी असतात बघ."

"आई, काल दुपारी टेबलाजवळ कुणी गेलं होतं का?"

"मी काही बिघडवलेलं नाही. एक पिन काढली, एक लावली. आणि परत होती तशी लावली. तुमच्या यंत्राला तासाभराची गैरहजेरी चालत नसेल, तर तसं लिहून ठेवावं."

सुनेने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. बोलायला वेळच नव्हता. स्पीकरची ओळख परत घालायची म्हणजे कर्नल नव्याने बनवायचा, त्याला दोन तास. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. तिला डोळ्यांसमोर चष्मेवाले दिसले, तिचं टेबल दिसलं, त्यावरचा दुसऱ्यांच्या चुकांचा ढीग दिसला. ती खाली बसली. मग एकदम तिने हात पुढे केला.

"तुमचा फोन द्या."

"का?"

"यंत्राच्या ओळखीतला तेवढा एकच आहे."

सासूबाईंनी फोन दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितल्याबरोबर दिलं. सुनेने तो यंत्राला जोडला, सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि यंत्राने फोनला जुना शेजारी भेटावा तसं पटकन जवळ केलं. तिची बोटं दहा-बारा मिनिटं लॅपटॉपवर चालली. यंत्राने नंबर फोनला सांगायचा, फोनने तो मोठ्याने म्हणायचा, एवढंच. साडेअकराला फोन म्हणाला, "नंबर एक, आत या." आवाज स्पीकरपेक्षा दुप्पट होता, कारण सासूबाईंचा फोन कायम पूर्ण आवाजावर असे.

आजोबा उठले. दोन गेला, तीन गेला. बाकांवरची माणसं सावरून बसली. डॉक्टरांनी आतून मान बाहेर काढून बघितलं आणि परत आत घेतली, हे चांगलं लक्षण होतं.

मग फोन वाजला.

सासूबाईंची धाकटी बहीण रोज साधारण याच वेळी फोन करते, आणि उचलला नाही तर उचलेपर्यंत करते. सासूबाई सवयीने पुढे झाल्या आणि त्यांनी बोट फिरवलं. फोन यंत्राला बांधलेला, कानाला लागेना, आणि आवाज तर पुरा.

"काय गं ताई," बहीण अख्ख्या दवाखान्याला म्हणाली, "गेलीस का त्या दवाखान्यात? तूच म्हणत होतीस ना, तिथे आजार बरा होईपर्यंत माणूस म्हातारा होतो?"

"नंबर चार, आत या," फोन म्हणाला.

"आत कोण बोलावतंय तुला? आणि तो डॉक्टर अजून तसाच आहे का, आधी औषध लिहितो आणि मग काय होतंय विचारतो?"

डॉक्टर दारात उभे होते. कंपाउंडर कुणाच्याही कानात काही म्हणाला नाही. सुनेने डोळे मिटून घेतले.

 खोटं बोलायचं सासूबाईंच्या जिवावर येई, आणि खरं तर आता सगळ्यांना कळलंच होतं.

"मी म्हटलंच होतं तसं," त्या फोनपुढे वाकून, पण डॉक्टरांकडे बघत म्हणाल्या. "बाहेर कुणाला आपली पाळी कळत नाही, सगळे आत घुसतात, मग आतल्याने तरी शांतपणे विचारायचं कधी? तेच निस्तरायला माझ्या सुनेने यंत्र आणलंय. सात वर्षं दुसऱ्यांची चुकलेली यंत्रं दुरुस्त केली तिने. तिच्या हातचं असलं की बघायला नको. ठेव आता, इथे कामं चाललीत."

"नंबर पाच, आत या."

दवाखान्यात कुणी हसलं नाही. म्हणजे डॉक्टर हसेपर्यंत नाही.

डॉक्टरांनी बाराच्या आधीच कागद मागवला. सून म्हणाली, "डॉक्टर, एक दिवस द्या. स्पीकरचं नीट करून उद्या आणते."

"कशाला? चालतंय ना?" डॉक्टरांनी सही केली आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं. ते अक्षर लावायला कंपाउंडरच लागला. ‘आहे तसं पसंत. महिनाभर हात लावू नये.’ "नीट करतो म्हणून नेलेल्या वस्तू कशा परत येतात ते मला माहीत आहे."

साहेब फोनवर इतके खूश झाले की त्यांनी सुनेचं म्हणणं पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं. शेवटी म्हणाले, "पसंत केलेल्या कर्नलची यादी आता बदलायची नाही. उद्या ऑफिसला या, दुसऱ्या दवाखान्याचं काम तुमच्या टेबलावर ठेवतो."

"आणि माझा फोन?" सासूबाईंनी विचारलं.

"महिनाभर तिथेच राहील, आई. माझा जुना फोन देऊ का तुम्हाला?"

"काही नको. माझाच फोन दवाखाना चालवतोय. मी दुसऱ्याचा जुना कशाला वापरू?"

दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं होतं. सासूबाईंनी चारही ताटं मोकळी मांडली आणि साडेअकराच्या आधीच त्या दवाखान्यात जाऊन पोचल्या. कंपाउंडरचा घसा आता सुटला होता, त्याने तो लगेच वापरला.

"आजी, चिठ्ठी घ्या."

"मला डॉक्टर नकोत. बहिणीशी बोलायचंय. फोन माझा आहे."

"असेल. पण यंत्राजवळ जायचं तर पाळीने. कालच तुम्ही म्हणालात, सगळे आत घुसतात."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग बटण दाबलं. चिठ्ठी आली, सत्तावीस. पाटीवर एकोणीस होता. त्या मधल्या बाकावर जाऊन बसल्या, पाठ ताठ, चिठ्ठी मुठीत.

साडेअकराला फोन वाजला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. मधे एकदा "नंबर वीस, आत या" म्हणून परत वाजू लागला. शेजारची बाई कंटाळून म्हणाली, "कोणाचा हो हा फोन? उचलत का नाहीत?"

"असेल कुणा बाईचा," सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "तिची पाळी आली नसेल अजून."