गोदावरी म्हणा!

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर रोज सकाळी नऊ वाजता एका भाजीवालीची तोंडी परीक्षा होते. परीक्षक अण्णा खैरनार, वय चौऱ्याहत्तर, पहिला मजला. परीक्षार्थी इंदूबाई, मखमलाबादहून डोक्यावर पाटी घेऊन येणारी.

"मेथी कुठली?"

"गंगेकाठच्या मळ्यातली हाय अण्णा. पहाटंच खुडली."

"कुठल्या काठची?"

"गंगेच्या."

"म्हणजे उत्तर प्रदेशातून आली. शिळी असणार. नको."

इंदूबाई कपाळावर हात मारून घेते. "गोदावरीच्या हो, गोदावरीच्या!"

"परत सांगा."

"गोदावरीच्या!"

"हां. आता द्या दोन जुड्या."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हा तमाशा पाहता पाहता माझा चहा गार होतो आणि डोकं गरम होतं. मी भद्रकालीत जन्मलेला, तीन पिढ्यांचा नाशिककर. आणि हा माणूस सटाण्याकडचा, नोकरीभर गावोगाव फिरून निवृत्तीनंतर आमच्या गंगापूर रोडवर राहायला आलेला. त्याने आम्हाला आमच्या नदीचं नाव शिकवायचं?

बाहेरच्यांना म्हणून सांगतो. नाशकात गोदावरी फक्त भूगोलाच्या पुस्तकात वाहते. बाकी सगळी गंगा. गंगेला पूर आला, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, की हातातली कामं टाकून आम्ही पुलावर बघायला जातो. बुधवारचा बाजार गंगेवर. पतंगाचा मांजा कुठे सुकवायचा तर गंगेवर. लहानपणी मी गणितात नापास झालो तेव्हा वडील म्हणाले, "घाल ती पुस्तकं गंगेत." गोदावरीत घाल म्हणाले असते तर मला कळलंही नसतं कुठे ते.

तसे आम्ही नाशिककर भांडखोर नाही. गंगापूर रोडची डेरेदार झाडं गेली, आम्ही हळहळलो आणि गप्प बसलो. मुंबईची माणसं "काय हवा आहे हो तुमच्याकडे!" म्हणत आली, फ्लॅट घेऊन त्याच हवेची वाट लावून बसली, तरी आम्ही जादा रस्सा मागवून "जाऊ दे ना" म्हटलं. कोणाची मिसळ चांगली, एवढ्या एकाच विषयावर आमच्यात डोकी फुटतात. पण नदीच्या नावावर कोणी बोट ठेवलं तर? राग नाही येणार?

एकदा मी अण्णांबरोबर रिक्षा करायला उभा होतो. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं, गंगेवर का?"

अण्णा म्हणाले, "गंगेवर जायला रिक्षा नाही चालायची. रिझर्व्हेशन करावं लागेल. हरिद्वारचं."

रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. रिक्षा गेली, आणि आम्ही भर उन्हात अशोकस्तंभापर्यंत चालत गेलो.

"अण्णा, अहो दक्षिणगंगा म्हणतात तिला. शास्त्रात आहे," मी म्हटलं.

"माले सांगू नका!" अण्णा चिडले की त्यांची अहिराणी बाहेर येते. "दक्षिणगंगा म्हणा ना मग. पुरा शब्द म्हणा. अर्धा कशाला म्हणता?"

"आणि आपण राहतो त्या गंगापूर रोडचं काय करायचं? गोदापूर रोड?"

"ते गावाचं नाव आहे. गावाला माझा इलाज नाही."

अण्णा मास्तर होते. शाळेचे नव्हे, स्टेशनचे. भुसावळ, इगतपुरी, मधली चार-दोन लहान स्टेशनं, सगळा जन्म रेल्वेच्या क्वार्टरांत गेला. रेल्वेत म्हणे निरोप दिला की समोरच्याने तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा असतो. तेव्हाच निरोप पोचला असं धरायचं. अण्णा निवृत्त झाले, पण हा नियम झाला नाही. दूधवाल्याला "उद्या एक लिटर" सांगितलं की लगेच "परत सांग." वाण्याला, प्लंबरला, डॉक्टरांना, सगळ्यांना. मी एकदा पाणी येणार नसल्याची सूचना द्यायला गेलो, तर मलाच म्हणाले, "उद्या सकाळी सात ते अकरा पाणी बंद. बरोबर? हो म्हणा." सूचना मी देतोय आणि हो मीच म्हणतोय!

पण एक गोष्ट आम्हाला कोणालाच उमगत नव्हती. अण्णांची बायको, आमच्या वहिनी, होत्या तेव्हा हाच माणूस दर बुधवारी स्कूटरला किक मारून खालून ओरडायचा, "चला हो, गंगेवर!" वहिनीही खानदेशातल्याच, पण इथे आल्यावर सहा महिन्यांत पक्क्या नाशिककर झाल्या. बाजार करायच्या, घाटावर पाण्यात पाय सोडून बसायच्या, आणि "आमच्या गंगेला आज पाणी छान आहे" असं जिन्यात सांगत यायच्या. दीड वर्षापूर्वी त्या गेल्या. अण्णा तेव्हा खुब्याचं हाड मोडून स्वतःच दवाखान्यात पडलेले. मुलगा नितीन कॅनडातून आला, सगळं उरकलं, अस्थी हरिद्वारला नेल्या आणि परत गेला. आम्ही म्हटलं, परदेशातली मुलं, करतात हौसेने. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी अण्णांचं हे गोदावरीचं सुरू झालं. दुःखाने डोक्यावर परिणाम झाला, असं बिल्डिंगने ठरवून टाकलं आणि सोडून दिलं.

मीही सोडून दिलं असतं. पण प्रकरण माझ्या घरावर आलं.

आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. आमच्या हिचे गुडघे गेलेले. तीन मजले उतरायचे म्हणजे तिला निम्मी सकाळ लागते, म्हणून ती उतरतच नाही. महिनोन् महिने गॅलरीतूनच जग बघते. अखेर एक बिल्डर मिळाला, जुनी पाडून नवी बांधायला. लिफ्टसकट. बारा फ्लॅट, बारा सह्या हव्यात. अकरा झाल्या. रविवारी सकाळी गच्चीवर सभा भरवली, बिल्डरने नव्या इमारतीचं रंगीत चित्र उलगडलं. वर सोनेरी अक्षरांत नाव: 'गंगा व्ह्यू'.

अण्णा उभे राहिले. "यातून नदी दिसते?"

बिल्डर म्हणाला, "टाकीवर चढलं की थोडी..."

"थोडी कोण दिसते?"

"गंगा."

"मी सही करणार नाही," अण्णा म्हणाले आणि काठी टेकत खाली निघून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, एका शब्दापायी? माझी बायको वर कोंडल्यासारखी बसलीये आणि तुम्ही पाट्या वाचताय? तसाच कागद घेऊन मी पहिल्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं. म्हटलं, "अण्णा, आज तुम्ही मला कारण सांगायचं. नाहीतर उद्यापासून मी गेटवर उभा राहून गंगा, गंगा असा जप करतो!"

अण्णांनी हाताने गप्प राहायची खूण केली. फोनवर नितीन होता, स्पीकर चालू.

"अण्णा, तिकीट काढलं. चार तारखेला येतोय. पूर्ण एक महिना राहणार."

"चार तारखेला येतोयस. एक महिना," अण्णांनी परत म्हटलं.

"आणि अण्णा, गेल्या खेपेला धड काहीच झालं नाही माझ्याकडून. आईच्या शेवटच्या दिवसांत मी नव्हतो. पण एक आहे, तिचं शेवटचं मागणं तेवढं नीट पार पाडलं. तेवढ्यावर झोप लागते मला."

"हो बाळा," अण्णा म्हणाले. "नीट पार पाडलंस."

फोन ठेवला. मग मला म्हणाले, "बसा, सेक्रेटरी."

मी बसलो.

"ती म्हणायची, मी गेले की मला आपल्या गंगेत सोडा. मी दवाखान्यात उताणा पडलेलो. नितीन आला, विचारलं, अण्णा, आईने काही सांगितलं होतं का? मी म्हटलं, गंगेत सोड. तो हो म्हणाला आणि गेला. तो कधी नाशकात राहिलेला नाही. त्याला काय माहीत आपली गंगा कोणती? तीन दिवसांनी त्याचा फोन. अण्णा, हरिद्वारला आहे, छान झालं सगळं, विमानात कलश मांडीवरून खाली ठेवला नाही."

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"चाळीस वर्षं नोकरी केली. एक गाडी भलत्या लाइनवर जाऊ दिली नाही. आणि स्वतःच्या बायकोला..." त्यांनी डोळे पुसले. "परत सांग, एवढंच म्हणायचं राहिलं हो."

आता मला संताप आला, पण कोणावर काढावा कळेना. सगळ्या देशातून लोक आगगाड्या भरभरून आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन इथे रामकुंडावर येतात, आणि जी बाई तिथून वीस मिनिटांवर राहत होती, तिला उचलून हजार मैलांवर नेलं!

"सांगून टाका त्याला," मी म्हटलं.

"का सांगू? चूक माझी, झोप त्याची का मोडू? तो महिनाभर इथे राहणार. भाजीवाली गंगा म्हणणार, रिक्षावाला गंगा म्हणणार, घरावर पाटी गंगा. पोरगं हुशार आहे, दोन दिवसांत कळेल त्याला. म्हणून म्हणतो, गोदावरी म्हणा. सगळ्या नाशकाचं तोंड मला नाही धरता येत. पण आपल्या गल्लीचं तरी?"

वर येऊन हिला सांगितलं. ही पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि तुम्ही त्या माणसाच्या नावाने वर्षभर खडे फोडलेत! शरम नाही वाटत?" वाटली. खोटं कशाला बोलू?

बिल्डरला मी फोन करून सांगितलं, नाव बदला. तो म्हणाला, ब्रोशर छापून झालीत. मी म्हटलं, "मग घाला ती गं... गोदावरीत!" नाव 'गोदा व्ह्यू' झालं. अण्णांनी सही केली.

मग मी गल्लीत फिरलो. दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचे रिक्षावाले, सगळ्यांना कारण न सांगता शब्द पढवला आणि प्रत्येकाला म्हटलं, "परत सांग." लोकांनी ठरवलं, हा रोग संसर्गजन्य आहे. फक्त इंदूबाईला मी खरं कारण सांगितलं. ती पाटी खाली ठेवून जिन्यातच बसली. म्हणाली, "दादा, माजी जीभ लय फाटकी हाय, पन आता नाय घसरायची."

नितीन आला. चाळिशीचा, शांत, डोळे थेट वहिनींचे. पहिल्याच सकाळी इंदूबाई गेटवर अशा काही आवाजात ओरडली की वरच्या मजल्यापर्यंत पोचावं, "गोदावरीकाठची मेथीऽऽ! गोदावरीकाठची!" इस्त्रीवाल्याने कारण नसताना गोदावरीला यंदा पाणी किती आहे ते सांगितलं. मी तर येता-जाता गोदावरी, गोदावरी करत होतो. नितीन सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, हसायचा. अण्णांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला. बापलेक दुपारी पत्ते खेळत, आणि अण्णा त्याला प्रत्येक पानाला "परत सांग" म्हणत.

तो जायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास मी फिरायला निघालो, तर गेटपाशी नितीन उभा.

"काका, मला जरा गंगेवर घेऊन जाल?"

मी चपापलो. सवयीने म्हटलं, "गोदावरीवर म्हणायचंय तुला."

"नाही काका. गंगेवर. आई जायची ती." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "हरिद्वारहून परतलो तेव्हा मुंबईला विमानतळावर एक नाशिकचे गृहस्थ भेटले होते. बोलता बोलता तेव्हाच कळलं. अण्णांना सांगू नका. माझी चूक झाली असं त्यांना कळलं तर ते खचतील. त्यांना वाटू दे, आईचं नीट झालं म्हणून."

माझ्या तोंडावर आलं होतं सगळं. अरे गाढवांनो, एकाच घरात महिनाभर समोरासमोर बसून पत्ते खेळताय आणि एकमेकांपासून एकच गोष्ट लपवताय! पण ते सांगायचा अधिकार मला कोणी दिला? मी गाडी काढली.

घाटावर फारशी वर्दळ नव्हती. नितीनने चपला काढून हातात धरल्या. पायऱ्यांवरून एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, "काका, आई कुठल्या पायरीवर बसायची?"

मला कुठे माहीत? मी कधी त्यांच्याबरोबर आलो होतो? ते सांगू शकणारा नाशकात एकच माणूस, आणि तो घरी झोपलेला.

मी एका पायरीकडे बोट दाखवलं.

"ही," म्हटलं.

तो तिथे बसला आणि त्याने पाण्यात पाय सोडले.