आदी सांगा, मंग वाजवा

ठकूआत्या चालू वाजंत्री बंद पाडायची. आमच्या टाकवे गावात कुठं ताशा कडाडायला लागला की ही बाई हातातलं काम टाकून निघायची, मांडवात शिरून सदू ताशेवाल्याच्या हातातल्या काड्या काढून घ्यायची आणि सरळ आपल्या कमरेला खोचायची. वर ठणकावून सांगायची, "आदी सांगा, मंग वाजवा!" सदूला पुढं पुढं इतकी सवय झाली की आत्या लांबून दिसली तरी तो ताशा खाली ठेवून विडी पेटवायचा. "आली आत्या. घ्या रं इसावा."

लग्नातलं नव्हे हं हे. लग्नात ती कुणाच्या वाटेला जायची नाही. मी सांगतेय ते न्हाण आलेल्या मुलीच्या मखराचं. आमच्या लहानपणी मुलगी शहाणी झाली की केळीचे खांब लावून मखर करायचे, तिला नवं लुगडं नेसवून आत बसवायचे, गावभर साखर वाटायचे. लग्न आधीच झालेलं असलं तर सासरी निरोप, मामाकडे निरोप, दारात ताशा. साऱ्या मावळाला कळायचं की हौशीला न्हाण आलं. पण न्हाण म्हणजे काय, ते हौशीला कुणी सांगायचं नाही! अशी आमची अक्कल.

ती हौशी म्हणजे मीच. त्याच आठवड्यात मी जांभळीवरून पडले होते. मला वाटलं, आत काहीतरी फाटलं आणि आता मी काही वाचत नाही. आणि ह्या बाया मला हळद लावून गाणी म्हणतायत! माझ्या हिरव्या बांगड्या धाकटीला द्यायच्या, असं ठरवून मी त्या उतरवायलाही लागले होते. तेवढ्यात ताशा थांबला आणि माझ्या पाठीमागून, केळीच्या पानांतून आवाज आला, "हौशे, रडू नगं. मरत न्हाईस तू. बांगड्या ऱ्हाऊ दे हातात."

आत्या मखराच्या मागं बसून बोलायची. पुढं यायची नाही. ती विधवा होती ना! आमच्या शेजारच्या आबांची ही बहीण, लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. मखरापुढं अशा बाईनं उभं राहायचं नाही, असा रिवाज. आत्यानं तो कधी मोडला नाही. काड्या कमरेला लावून ती वळसा घालून मागं जायची आणि भिंतीला टेकून बसायची. मुलगी पुढं तोंड करून सजून बसलेली, आणि सगळं शहाणपण तिच्या पाठीतून आत जायचं.

"पोटात खाली एक पिशवी असती, मुठीएवढी," आत्या सांगायची. "ती दर म्हयन्याला बाळासाठी अंथरूण घालती. बाळ न्हाई आलं की अंथरूण काढून टाकती. त्येच हे रगत. जखम न्हाई, शाप न्हाई, इटाळबिटाळ काय न्हाई. आन दुसरं ध्यानात ठिव. तुझं अंग तुझं हाय. सासरी गेलीस तरी 'नगं' म्हणायला जीभ तुलाच दिलीया."

हे शेवटचं ऐकून पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांना ठसका लागायचा.

तिचा दुसरा मंत्र म्हणजे "कशावरनं?" ऐकीव गोष्टीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. उन्हाळ्यात लोणावळ्याला पुण्याची एक डॉक्टरीणबाई हवा खायला येऊन राहायची. आत्या करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन तिच्या बंगल्यावर धडकायची. पैसे घ्यायची नाही. सवालांचे जबाब घ्यायची. बाईंनी पहिल्यांदा पुस्तकातलं चित्र दाखवलं तेव्हा आत्या रुसलीच म्हणे. "एवढीशी पिशवी? आन तिच्यापायी एवढा बोभाटा?"

एकदा आबा म्हणाले, विटाळाची, बाहेर बसलेली बाई आवणीला, रोपं लावायला, खाचरात उतरली की भात पिकत नाही. आत्या म्हणाली, "कशावरनं?" आबा म्हणाले, "समद्या जगाला ठावं हाय." झालं! त्या आषाढात आत्यानं आबांना पत्ता लागू न देता बाहेर बसलेल्या दोघीजणींकडून एका कोपऱ्यात रोपं लावून घेतली, आणि भात कापणीला आल्यावर भावाला बांधावर उभं केलं. "वळखा आता कोपरा." आबा खाचराभोवती फिरले. लोंब्या चोळून पाहिल्या, दाणे चावून पाहिले, आणि एका जागी ठामपणे काठी रोवली. "हाच त्यो! हितं दाणा बारीक हाय."

"दादा," आत्या म्हणाली, "ह्यो तर तुमी लावलेला."

त्या दिवसापासून आबा तिच्या वाटेला गेले नाहीत. उलट बाहेरगावी गेले की मिश्या फिरवत सांगायचे, "आमच्या ठकीला इचारा. डॉक्टरीण हाय ती."

आणि खरंच, लोक विचारायला लागले. इंदुरीहून बोलावणं यायचं, भाजे गावातून यायचं. बाजारातल्या तांबोळ्याच्या घरी आत्या एकदा न बोलावताच गेली. तांबोळीण संकोचून म्हणाली, "आत्या, आमच्यात मखर नसतं." आत्या म्हणाली, "मखर नसंना का! पोरगी हाय न्हवं?" आणि परसात जाऊन बसलीसुद्धा. मुलांनाही तिनं सोडलं नाही. आवाज फुटला म्हणून आबांचा मुलगा महिनाभर अडुळशाचा काढा पीत होता. आत्यानं त्याला आणि त्याच्या साऱ्या टोळीला खळ्यावर बसवून मिसरुडापासून सुरुवात केली. पोरं माना खाली घालून बसली, पण उठून एकही गेला नाही. अशी बाई आमच्या गावात होती, म्हणून मी आजही मान वर करून सांगते, मी टाकव्याची आहे.

पुढं मी लग्न होऊन लोणावळ्याला आले. हे रेल्वेत होते. माझ्या सुमीला न्हाण आलं तेव्हा सासूबाईंनी हौसेनं मखर केलं. मी टाकव्याहून सदूला मुद्दाम बोलावून घेतलं आणि आत्यालाही. दोघंही आता पिकली होती. सदूनं ताशावर काडी टाकली न टाकली तोच आत्यानं सवयीनं हात पुढं केला.

सुमी मखरातून म्हणाली, "आजी, मला आईनं आधीच सांगितलंय." आणि तिनं पिशवी, अंथरूण, सगळं धडाधड म्हणून दाखवलं. "आणि माझं अंग माझं आहे," हेसुद्धा, माझ्या सासूबाईंच्या तोंडावर!

आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि काड्या सदूला परत दिल्या. "वाजव बाबा. हितं माझं काय काम न्हाई." केवढी फुशारकी होती त्या आवाजात! मग वळसा घालून ती आपल्या जागी, मखरामागं, जाऊन बसली.

बाया ओट्या भरून गेल्या. सुमी मैत्रिणींबरोबर अंगणात पळाली. मी चहा घेऊन गेले तर आत्या अजून तिथंच, भिंतीला टेकून. मी सहज विचारलं, "आत्या, तुला गं कुणी सांगितलं होतं?"

"मला कोण सांगणार?" ती म्हणाली. "नवरा देवीनं गेला तवा मला कळत बी नव्हतं. मागनं न्हाण आलं. विधवेच्या न्हाणाचं कौतिक कुणाला? आय म्हणली, गप बस, कुणाला बोलू नगं. गोठ्यात बसले, गुरांच्यात. मला वाटलं, नवरा खाल्ला त्येचंच पाप अंगातनं भायेर येतंय. लय वर्सं तसंच वाटायचं, हौशे."

मला ते ऐकवेना. मी कप खाली ठेवला, तिचा हात धरला आणि उठवलं. "आगं, कुटं न्हेतीस?" म्हणत ती मागं ओढत होती. मी तिला पुढून आणली आणि मखरात बसवली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, पाहत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्या आत गेल्या आणि सुमीच्या वेणीतून उरलेला गजरा आणून माझ्या हातात दिला. "तूच घाल," म्हणाल्या. "माझे हात थरथरतात."

ओट्यावर जेवून बसलेल्या सदूनं ते पाहिलं आणि ताशा पुढं ओढला. मी हात वर केला. "थांब सदूदादा. आधी सांगू दे."

मी आत्यासमोर बसले. पुढं, तोंडासमोर. "आत्या, रडू नकोस. मरत नाहीस तू. पोटात खाली एक पिशवी असते, मुठीएवढी..." सगळं सांगितलं, पहिल्यापासून. जखम नाही, शाप नाही, कुणाचं पाप नाही. जन्मभर दुसऱ्यांना हेच सांगितलेली ती बाई मान खाली घालून, लुगड्याचं टोक बोटाला गुंडाळत, नव्यानं ऐकावं तसं ऐकत होती. मध्येच हळूच "व्हय?" म्हणायची.

माझं संपलं. आत्यानं मान वर केली.

"कशावरनं?"

"तू सांगितलंस, त्यावरून."

तिनं पदरानं डोळे पुसले, गजरा चाचपला आणि सदूकडं बघून ओरडली, "मंग वाजव की रं! बघतोस काय?"