पेणकरपाड्याच्या विहिरीचं जतन

मी एकदा ठरवलं ना, की ब्रह्मदेव आला तरी मागे हटत नाही! दोन हजार पाचची गोष्ट. आर्किटेक्चरला जुन्या वास्तूंचं जतन असा एक विषय होता आणि त्यात मी दणकून आपटलो होतो. या खेपेला पास व्हायचंच! पण आम्ही राहायचो पूनम सागर नावाच्या नव्याकोऱ्या कॉम्प्लेक्समध्ये. तिथली सगळ्यात जुनी वास्तू म्हणजे आमची लिफ्ट! म्हणून मी जवळच्याच पेणकरपाड्यातली दगडी विहीर निवडली.

मी आणि माझी प्रोजेक्ट पार्टनर मृणालिनी टेप घेऊन पोचलो. मापं घेत दगडांवर खडूने नंबर टाकतोय, तेवढ्यात विहिरीचे मालक काशीनाथकाका कोयता घेऊन हजर!

"कोन रं तुमी? म्युन्सिपाल्टीचं? बाव बुजवाची हाय?"

"नाही हो काका, विहीर बुजवायची नाही, जपायचीय!"

"मंग नंबर कशाला? माज्या गोठ्यावर टाकलं व्हतं, आता गोठा न्हाय!"

"जितू, पळ!" मृणालिनी कुजबुजली. मी आणि पळणार? सरळ कठड्यावर चढलो आणि भाषण ठोकलं. "ही विहीर पाड्याची शान आहे! रविवारी आमचे सर बघायला येतायत. सगळ्यांनी मिळून जपा!" आरडाओरडा ऐकून जमलेल्या पाड्यातल्या लोकांच्या टाळ्या पडल्या. शेजारच्या गोदूबाईंनी तर डोळे पुसले. कोयता खाली गेला, चहा आला.

"याला म्हणतात लोकसहभाग!" मी मृणालिनीला ऐकवलं.

रविवारी सरांना घेऊन वळणावर आलो आणि बघतो तर काय! अख्खी विहीर आकाशी ऑइलपेंटने चमकत होती! कठड्याला बाथरूमच्या गुलाबी टाइल्स, फटीफटीत सिमेंट!

"काका, हे काय केलंत?"

"पोरीला बघाया पावनं आलं, तर तिला मळक्या लुगड्यात उभी करतात काय?"

"आन् तुजं नंबर घासून काढलं हां, एक ठेवला न्हाय!" गोदूबाई म्हणाल्या.

मी हळूच सरांच्या मागे सरकत होतो. पण सर एका काळ्याभोर ग्रॅनाइटच्या पाटीसमोर थांबले. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'जितेंद्र यांच्या मार्गदर्शनाखाली जतन'. आता नाही कसं म्हणणार?

"सायब, पोरानं लय मेहनत घेतली, पास करा त्याला!" काका हात जोडून म्हणाले.

सरांनी चष्मा पुसला. "जितेंद्र, पुढच्या वर्षी भेटू."

हल्ली सर दर वर्षी नवी बॅच घेऊन तिथे जातात, जतन कसं करू नये ते दाखवायला. आधी पाटी मोठ्याने वाचतात. आणि काशीनाथकाका सगळ्यांना चहा पाजून छाती फुगवून सांगतात, "आमच्या जितूचं काम हाय!"